माझ्याच बोर्डिंग पासवर चार एस का?

शहापुरची_पाटलीण

नमस्कार. रागाच्या भरात धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगी अमेरिकेत असते. मी आणि हे आतापर्यंत तीनदा जाऊन आलो. तिकिटं एकत्र काढलेली, खुर्च्या शेजारी, दोघांच्या पासपोर्टवर बेळगावातल्या शहापूरचा तोच पत्ता. तरी तिन्ही खेपांना माझ्याच बोर्डिंग पासवर चार एस छापून आले, ह्यांच्यावर एकदाही नाही. पहिल्या वेळी ह्यांनी छातीठोक सांगितलं, "सीनियर सिटिझन स्पेशल सर्व्हिस असणार. तुला व्हीलचेअर देतील बघ." व्हीलचेअर कुठली! गेटवर नाव पुकारलं आणि दोरीच्या पलीकडे नेलं. चपला काढा, स्वेटर काढा. दोन्ही तळहातांवर कापडाची पट्टी फिरवली, ती एका यंत्रात घातली. मग पर्समधली एकेक वस्तू टेबलावर. मोबाइल चालू करून दाखवा. गोळ्यांची डबी कानाशी हलवून पाहिली. पुडीत देवाचा अंगारा होता, तो उघडून हुंगला. आणि हे समोर कॉफी पीत बसलेले, ओळख नसल्यासारखे.

तपासायला बायकाच होत्या, बोलल्याही नीट. माझी तक्रार त्यांच्यावर नाही. तिन्ही वेळा मी विचारलं, मीच का? तिन्ही वेळा उत्तर तेच, "रँडम, मॅडम." अहो, मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. विमानात तीनशे माणसं, त्यातली पाच-सात बाजूला घेतात, आणि तिन्ही वेळा त्यात मी? ह्याला रँडम म्हणत नाहीत, ह्याला हजेरी म्हणतात.

कुणाला असा अनुभव आहे का? कारण कळलं का? आणि ह्यातून सुटायचा काही मार्ग?

कुंदाबहाद्दर

पहिला मी! काकू, पर्समध्ये आपली बेळगावची मिठाई, कुंदा होता का? खरं सांगा.

शहापुरची_पाटलीण

पर्समध्ये नव्हता. केबिन बॅगेत होता. दोन किलो.

कुंदाबहाद्दर

केस सुटली. धागा बंद करा.

सांबरा_रोड

कुंद्याचा आणि चार एसचा संबंध नाही. बॅग यंत्रात जायच्या आधीच ते ठरलेलं असतं.

कामामुळे वर्षातून दोन-तीनदा जातो, म्हणून थोडं माहीत आहे. हे चार एस म्हणजे जादा तपासणीसाठी निवड झाल्याची खूण. ती अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि तिथल्या तिथे उडणाऱ्या विमानांसाठी असते. तिकीट काढताना आपण नाव, जन्मतारीख, लिंग भरतो, ते विमान कंपनी टीएसएला, म्हणजे अमेरिकेच्या प्रवास-सुरक्षा खात्याला पाठवते. तिकडून होकार आल्याशिवाय कंपनीला बोर्डिंग पास छापताच येत नाही. म्हणून चार एसवाल्यांचं ऑनलाइन चेक-इन होत नाही, "काउंटरला भेटा" असं येतं. काकू, तुमचं झालं होतं का घरून?

आणि काउंटरवरच्या पोरीवर किंवा गेटवरच्या बाईवर चिडून उपयोग नाही. त्यांना फक्त छापील अक्षरं दिसतात, कारण त्यांनाही दिसत नाही.

अवांतर: अमेरिकेतल्या विमानतळांवर सरसकट बूट काढायला लावणं जुलै २०२५ पासून बंद झालंय. पण पासवर चार एस असतील तर त्या भरवशावर राहू नका, भोकं पडलेले मोजे घालून जाऊ नका.

शहापुरची_पाटलीण

नाही झालं! तिन्ही वेळा नाही झालं. ह्यांचं झालं, माझं अडकलं. हे म्हणाले, "तुला मोबाइलच वापरता येत नाही."

अनगोळकर

काका कॉफी पीत बसलेले वाचून हसून हसून मेलो.

आमच्या आजीचा किस्सा, देशातल्या देशात. पंच्याहत्तरी झाल्यावर पहिल्यांदा विमानात बसली, सांबऱ्याहून, आपल्या बेळगावच्या विमानतळावरून. नऊवारी, हातात गच्च बांगड्या, पायात जोडवी, गळ्यात डोरलं आणि अंबाड्यात मोजून अकरा आकडे. दारातून गेली की वाजलं. पडद्याआड नेलं. बाहेरून आम्हाला फक्त आवाज येत होता.

तपासणाऱ्या बाई कन्नडमध्ये विचारत होत्या, आजी मराठीत उत्तर देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललेलं. "तलियल्लि एनैती अज्जी?" (डोक्यात काय आहे आजी?) "आकडे हायत गे बाई, केस गळूलालेत म्हणून लावलंय." बाहेर आली ती त्या बाईचा हात धरून. त्या बाईची आईपण अनगोळचीच निघाली म्हणे. विमानात बसल्यावर आम्हाला सांगते, "पोरगी चांगली हाय. लग्न व्हयाचं हाय अजून."

खडेबाजारचा_वाणी

आजी रॉक्स. स्थळ जमलं का?

अनगोळकर

आमच्यात लग्नाचा एकच शिल्लक आहे, तो मी. बाईंना दया आली असावी.

ऊसाचा_फड

मी चिकोडीकडचा. पोराला कॉलेजात सोडायला दिल्लीला गेलो होतो. आदल्या दिवशी उसाला खत टाकलो होतो, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट. हात धुतलो, अंघोळ केलो, पण तेच बूट घालून निघालो. परतीच्या वेळी एका मोठ्या विमानतळावर बॅगेवर ती पट्टी फिरवले, यंत्र लाल झालं. बूट बॅगेत होतं. तीन जण आले. मी म्हटलं, शेतकरी हाय साहेब. म्हटले, "क्या डालते हो?" मी कॅन म्हटलो. त्यांना वाटलं डबा! वीस मिनिटं कॅन म्हणजे डबा नव्हे, खत, हे समजावण्यात गेली. शेवटी मोबाइलमधला उसाचा फोटो दाखवलो. तेरा फूट ऊस बघून एक जण म्हटला, "ये आपका है?" आणि सोडले.

तेव्हापासून विमानाला वेगळं बूट.

सांबरा_रोड

ऊसभाऊ, तुमच्या किश्श्यामागे खरं शास्त्र आहे. ती पट्टी स्फोटकांचा अंश शोधते आणि बऱ्याच स्फोटकांत नायट्रेट असतं. तेच काही खतांत असतं, हृदयविकाराच्या एका औषधात असतं. आणि काकू, ग्लिसरीनमुळेही यंत्र फसतं. हाताला लावायच्या कितीतरी क्रीममध्ये ते असतं.

शहापुरची_पाटलीण

अगोबाई. मी थंडीत ग्लिसरीन-गुलाबपाणी लावते. पहिल्या खेपेला डिसेंबरात निघालो होतो, आणि पट्टी दोनदा फिरवली होती खरी.

पण ते पट्टी फिरवल्यावरचं झालं. पासवरचे एस त्याआधीचे ना? माझा प्रश्न तिथंच आहे.

निपाणी_नाका

आमच्या निपाणीच्या आत्याची गोष्ट ऐका. पन्नास वर्षांची मिश्रीची सवय. मुलाकडे न्यू जर्सीला जायचं तर तिथं मिश्री मिळेल का, ह्या काळजीनं अर्धा किलो भाजलेली मिश्री दुधाच्या पावडरीच्या डब्यात भरून हातातल्या पिशवीत घेतली. काळी पावडर, डब्यावर बाळाचं चित्र. पुढचं तुम्ही कल्पनेनं भरा.

त्यांनी विचारलं, हे काय? आत्या म्हणाली, "दात घासायचं." त्यांनी सोबतच्या टूथपेस्टकडे बोट केलं. आत्या म्हणाली, "ते यांचं."

नंतर कळलं की अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मि.ली.च्या वर कोणतीही पावडर हातातल्या सामानात असली की वेगळी तपासतात, २०१८ च्या जूनअखेरपासून. मसाला, मेतकूट, सत्त्व, सगळं त्यात आलं. ते चेक-इनच्या बॅगेत टाकावं. मिश्री शेवटी तिथंच राहिली. आत्याचे पहिले आठ दिवस तिकडं कसे गेले ते मुलगाच जाणे.

कुंदाबहाद्दर

"ते यांचं" :)))

नियम_म्हणजे_नियम

हसा. पण एक सांगतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं सरबताच्या बाटल्यांतल्या स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला, तेव्हापासून १०० मि.ली.ची मर्यादा आली. त्याआधी एका माणसानं बुटात स्फोटक भरलं, म्हणून बूट काढायचे आले. नियम कुणाच्या डोक्यातून हवेतून पडत नाहीत. दहा मिनिटं तपासलं तर काय बिघडलं? दोनशे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्यांनी काही केलं नाही त्यांनी घाबरायचं कशाला?

घटप्रभाकाठ

नियमसाहेब, बिघडत काही नाही, पण कधी कधी हात कुठं लागतो हे महत्त्वाचं असतं.

आम्ही लिंगायत, घरी मराठी-कन्नड दोन्ही. वडिलांच्या गळ्यात चांदीच्या करडीत, म्हणजे डबीत, इष्टलिंग असतं. आयुष्यभर अंगावरून उतरवलेलं नाही. यंत्र वाजलं, समोरचा पोरगा उत्तरेकडचा, म्हणाला, "लॉकेट निकालो, ट्रे में डालो." वडिलांनी हातानं झाकून धरलं. ट्रेमध्ये चपला, पट्टे, लोकांची पाकिटं. त्यात ते कसं ठेवायचं? आवाज चढला. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी एक वयस्कर अधिकारी आला, त्यानं ओळखलं, बाजूला नेलं, वडिलांनी स्वतः करडी उघडून दाखवली, त्यानं हात न लावता बघितलं आणि नमस्कार करून जा म्हटलं. दोन मिनिटांचं काम.

त्या पोराची चूक म्हणत नाही मी. त्यानं कधी पाहिलंच नसणार. पण वडील त्या प्रवासात नंतर एक अक्षर बोलले नाहीत.

फौजी_खानापूर

बराच वेळ वाचतोय. आता लिहितो, कारण मी टेबलाच्या पलीकडे उभा राहिलेला माणूस आहे.

डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान कंदाहारला पळवून नेलं. त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून काढून केंद्राच्या सीआयएसएफ ह्या सुरक्षा दलाकडे द्यायला सुरुवात झाली, २००० मध्ये जयपूर पहिलं. मी त्या दलात होतो, नोकरीची शेवटची बरीच वर्षं विमानतळांवर काढली. कुठले ते विचारू नका.

कुंद्याचं आधी सांगतो, कारण सगळे हसताहेत आणि तो प्रश्न खरा आहे. पडद्यावर धातू निळा दिसतो. जे जिवंत वस्तूंपासून बनलेलं, म्हणजे अन्न, कापड, कागद, ते नारिंगी. मधलं हिरवं. कपडे फिकट नारिंगी, पसरट. पण कुंद्याचा बॉक्स आला की एकसारखा, घट्ट, सरळ कडांचा गडद नारिंगी ठोकळा. त्याच्या शेजारी तुम्ही चार्जर ठेवलेला, वायर गुंडाळलेली, पॉवर बँक. आता प्रशिक्षणात आम्हाला "हे दिसलं की थांबवा" म्हणून जे चित्र दाखवतात ते काढायला सांगितलं तर मी हुबेहूब हेच काढीन. स्फोटकही सेंद्रियच असतं, तेही नारिंगीच दिसतं. यंत्राला चव कळत नाही. म्हणून कुंदा, करदंट, चीज, मोठा साबण, काहीही घट्ट असलं की वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवा, वायरींपासून लांब. निम्म्या बॅगा उघडाव्याच लागणार नाहीत.

सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ नंबरच आहे. हे सांगितलं की प्रत्येक आई माझ्याशी भांडायची.

आता "मीच का". काही वेळा खरंच कुणीही. दाराचं यंत्र अधूनमधून आपणहून वाजेल असं लावता येतं. बॅग स्वच्छ दिसली तरी काही उघडायच्याच असतात, नाहीतर तपासणारा माणूस सवयीनं आंधळा होतो. पडद्यासमोर एका माणसाला सलग वीस मिनिटांच्या आसपासच बसवतात, तेवढ्यात डोळे जातात. त्यात मशीन मधेच खोटं पिस्तूल तुमच्या बॅगेच्या चित्रात घुसवतं, आम्ही जागे आहोत का ते बघायला. बटण दाबलं की "शाबास, हे खोटं होतं" असं येतं. नाही दाबलं की वरिष्ठांकडे नोंद. अशा नोकरीत तुमच्या कुंद्याकडे प्रेमानं कोण बघणार?

घटप्रभाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. करडी काय, करदोडा काय, ताईत काय, आम्हाला शिकवलं होतं की धार्मिक वस्तू माणसालाच हाताळू द्यायची. पण शिकवणं वेगळं, आणि सकाळी पाच वाजता चारशे माणसांची रांग वेगळी.

ऊसाचा_फड

फौजी, सलाम. लई भारी लिहिलासा.

कॅम्पातला

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही.

काकूंना तीनदा झालं, म्हणून त्यांनी धागा काढला. मला आठवेल तितक्या प्रत्येक वेळी झालंय. आडनाव लिहीत नाही, कॅम्पात चार घरं सोडून एक घर त्या नावाचं आहे. जगात तर लाखो. त्यातला कुणीतरी कुठल्या तरी यादीत असणारच.

मी काय करतो ते सांगतो. बाकीचे दोन तासांचं ट्रान्झिट घेतात, मी पाच तासांचं घेतो. तिकीट महाग पडतं. दाढी करून जातो. फोनमध्ये मुलांचे शाळेतले फोटो वरच ठेवतो, कारण फोन बघितला तर आधी ते दिसावेत. धाकट्याचं नाव ठेवताना बायको म्हणाली, असं ठेवूया जे कुठंही चालेल. बारशाच्या आधी आम्ही इमिग्रेशनच्या खिडकीचा विचार करत होतो.

नियमसाहेब, "काही केलं नाही तर घाबरायचं कशाला" हे वाक्य मीही पहिल्या दोन वेळा स्वतःला म्हटलं होतं.

नियम_म्हणजे_नियम

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उत्तर नाही माझ्याकडे. आधीचं जरा उडतउडत लिहिलं गेलं.

शहापुरची_पाटलीण

कॅम्पातला, तुमचं वाचून माझा राग मलाच छोटा वाटला. तरी धागा काढला ते बरं झालं असं वाटतंय.

खडेबाजारचा_वाणी

मोठमोठ्यांनाही सोडत नाहीत. माजी राष्ट्रपती कलामसाहेबांची २००९ मध्ये दिल्लीत अंगझडती घेतली, खरं तर त्यांना आपल्याकडे सूट होती. २०११ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला, विमानात बसल्यावर. नंतर माफ्या मागितल्या. आपल्या राजदूत मीरा शंकर यांना २०१० मध्ये मिसिसिपीत बाजूला घेऊन झडती घेतली, कारण काय तर साडी. शाहरुख खान तर किती वेळा अडकला. अमेरिकेचा स्वतःचा सिनेटर, एडवर्ड केनेडी, २००४ मध्ये सिनेटच्या सुनावणीत सांगत होता की त्याच्या नावासारखं नाव यादीत असल्यामुळे त्याला विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं. केनेडींना ही गत, तर पाटील कोण?

कुंदाबहाद्दर

पाटील कोण म्हणजे? सीमाभागात दगड भिरकावला तर पाटलाच्या नाहीतर पाटलाच्या म्हशीच्या डोक्यात पडेल. यादीत एखादा पाटील असेल तर अख्खा बेळगाव जिल्हा चार एस.

सांबरा_रोड

विनोद सोडा, पण नावाचा मुद्दा खरा आहे. नाव, जन्मतारीख यांची गल्लत झाली की एकाच्या जागी दुसरा अडकतो. काकू, तिकिटावर आणि पासपोर्टवर नाव तंतोतंत एकच आहे का? मधलं नाव? स्पेलिंग?

शहापुरची_पाटलीण

पासपोर्टवर ह्यांचं नाव मधे आहे. तिकीट मुलीनं काढलं, ते मधलं गाळून. आणि पासपोर्टात जन्मस्थान जुन्या स्पेलिंगचं बेळगाव आहे, व्हिसाच्या अर्जात नवं बेळगावी टाकलं गेलंय.

निपाणी_नाका

तेच तर! बेळगावच लिहायचं होतं. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकवाल्यांनी नाव बदललं म्हणून आपण कशाला

घटप्रभाकाठ

झालं सुरू. इथं काकूंच्या बोर्डिंग पासबद्दल बोलतोय की सीमावादाच्या महाजन अहवालाबद्दल?

निपाणी_नाका

ज्याचा त्याचा विषय. माझा जन्म बेळगावात झाला, बेळगावीत नाही.

धागाराखण

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, त्यावर आधीच सातशे प्रतिसाद आहेत. तिकडे जा. इथले पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत.

फौजी_खानापूर

जन्मस्थानाच्या स्पेलिंगनं एस लागत नसणार, ती माहिती तिकिटातून जातच नाही. नाव मात्र पासपोर्टात आहे तसंच टाका, अगदी मधल्या नावासकट.

ओहायोवाली

मूळची वडगावची, आता इकडे. काकू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहिते.

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची 'ट्रिप' नावाची सोय आहे. ऑनलाइन अर्ज, पैसे लागत नाहीत. पासपोर्टची प्रत जोडायची, कधी कुठं अडवलं ते लिहायचं. ते सात आकडी रिड्रेस नंबर देतात. पुढचं तिकीट काढताना तो नंबर भरायचा, म्हणजे तुमच्यासारख्या नावाचा दुसरा कुणी असेल तर तो तुम्ही नव्हे हे यंत्रणेला कळतं. कॅम्पातला, तुम्ही केलाय का अर्ज? नसेल तर नक्की करा.

दोन गोष्टी आधीच सांगते, नंतर मला शिव्या नकोत. उत्तराचं पत्र येतं त्यात तुम्ही यादीत होता की नव्हता हे लिहीत नाहीत. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. आणि नंबर असला तरी रँडम तपासणी लागू शकते.

अबू धाबीमार्गे येत असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथंच होतं, २०१४ पासून. म्हणजे इकडे उतरल्यावर थेट बाहेर. पण तिथं हाताशी वेळ ठेवा. आणि कुंदा फॉर्मवर दाखवा, लपवू नका. दाखवलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड.

कॅम्पातला

केला आहे, दोन वर्षांपूर्वी. थोडा फरक पडला. पाच तासांचं ट्रान्झिट अजून तसंच ठेवलंय, सवय.

शहापुरची_पाटलीण

ओहायोवाली, खूप आभार. आज रात्रीच मुलीकडून अर्ज भरून घेते. गणितवाल्या बाईला "हो नाही, नाही नाही" असलं उत्तर चालायचं नाही, पण बघू.

अनगोळकर

फौजींना एक प्रश्न. मे २०२५ मध्ये मी बंगळूरला निघालो होतो, तेव्हा सगळं झाल्यावर विमानात चढताना पुन्हा बॅग उघडली. ते काय होतं?

फौजी_खानापूर

ती चढण्याआधीची दुसरी तपासणी. एरवी ठरावीक विमानतळांना किंवा इशारा आला की लावतात. त्या महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर देशभर सगळ्या विमानतळांवर सगळ्यांनाच लावली होती. तुम्हाला निवडलं नव्हतं, फुशारकी नको.

शहापुरची_पाटलीण

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी.

अर्ज केला, पत्र आलं. ओहायोवालीनं सांगितलं तस्संच, आठ ओळींत काहीच न सांगणारं. पण नंबर मिळाला. तिकिटावर तो टाकला, नाव पासपोर्टबरहुकूम, ह्यांचं मधलं नाव धरून. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हे मोबाइल घेऊन बसले. माझं चेक-इन पहिल्या झटक्यात झालं! मी देवापुढं साखर ठेवली.

मग ह्यांचं करायला घेतलं. "काउंटरला भेटा."

हे म्हणाले नेट गेलं असेल. मी काही बोलले नाही. काउंटरवर पोरीनं फोन केला, पास छापला, ह्यांनी तो चष्मा वर करून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. चार एस. गेटवर नाव पुकारलं, दोरीच्या पलीकडे नेलं. चपला, पट्टा, स्वेटर. ह्या वेळी कुंदा ह्यांच्या बॅगेत होता, फौजींनी सांगितल्याप्रमाणे वेगळा काढलेला, वायरींपासून लांब. तरी उघडला. ह्यांनी काय करावं? बॉक्समधला एक तुकडा उचलून त्या तपासणाऱ्या माणसापुढे धरला. "बेळगाव स्पेशल. टेस्ट." त्यानं दोन्ही हात मागे घेतले आणि मान हलवून हसला.

मी समोरच बसले होते.

कुंदाबहाद्दर

आणि काकू, कॉफी?

शहापुरची_पाटलीण

घेतली की. मोठा कप.

ओहायोवाली

कुंदा पोचला का?

शहापुरची_पाटलीण

फॉर्मवर लिहिला, विचारलं, सांगितलं, सोडला. पोचला, तो एक तुकडा सोडून. परत डब्यात कसा ठेवायचा म्हणून तो ह्यांनी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला, अनवाणी.